फडकं मागायचं नाही

लग्न होऊन दांडीला आले तेव्हा मी सातवी पास होते, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. माझे वडील पालघर स्टेशनच्या मालधक्क्यावर कामाला. म्हणजे मी गाडीच्या गावातली. दांडीला गाडी नव्हती, समुद्र होता. सासरे आणि नवरा होडीवर जात, सासू मासळी विकायला जाई, नणंद घर सांभाळी, आणि मी या सगळ्यांना शहाणं करायचं काम अंगावर घेतलं होतं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, पण तेवढ्यासाठी मी थांबले नाही.

मला स्वतःला मात्र तिथे एक गोष्ट पहिल्यापासून शिकावी लागली. ती म्हणजे फडक्याची रीत.

दांडीत कुणाच्या घरी काहीही द्यायचं असलं, मग ती करंदी, म्हणजे सुकी बारीक कोळंबी, असो की बारशाचं अंगडं-टोपडं, ते फडक्यात बांधून द्यायचं. चार टोकं, दोन गाठी. घेणारीने गाठी सोडायच्या, आतलं काढून घ्यायचं आणि फडकं धुऊन, वाळवून चार-आठ दिवसांत परत आणून द्यायचं. तेही रिकामं नाही. त्याच्या टोकाला मूठभर तांदूळ, नाहीतर गुळाचा खडा, अगदीच काही नसलं तर सुपारी. गावात प्रत्येक घराची फडकी प्रत्येकीला पाठ होती. कुणाच्या दोरीवर कुणाचं फडकं वाळतंय यावरून कुणाचं कुणाशी बरं चाललंय ते कळायचं. त्या फडक्यांनी जेवढी घरं आतून पाहिली होती तेवढी मी वर्षभरात पाहिली नव्हती.

आणि या सगळ्याच्या वर एक नियम होता: फडकं मागायचं नाही. मागितलं म्हणजे दिलेली वस्तूच परत मागितल्यासारखं. हा नियम मला इतका आवडला की मी तो गावातल्या बायकांपेक्षा कडक पाळू लागले. बाहेरून आलेल्या माणसाचं असंच होतं.

आमच्या घरची फडकी पत्र्याच्या पेटीत असत. होडीला मशीन बसल्यावर जुनी शिडं मोकळी झाली होती, त्यांची तीन फडकी होती. जाड, कशीही वापरा, फक्त कडेला डांबराचे डाग. दोन होती जुन्या लुगड्यांची. आणि पेटीच्या तळाशी, उशीच्या अभ्र्यात घालून ठेवलेलं एक हिरवं रेशमी, लाल काठाचं. सासूच्या आईच्या लग्नातल्या लुगड्याचा तो पदर. ते फक्त साखरपुड्याला आणि लग्नाला घराबाहेर पडे आणि गेलं तसं परत येई. सासू त्याला मासळीच्या हाताने शिवत नसे. पेटी उघडली की कोपराने अभ्रा दाबून बघे, आत मऊ लागलं की समाधानाने झाकण लावी.

त्या हिवाळ्यात नणंदेचं सातपाटीला जमलं. साखरपुडा माघात, आमच्या दारात. मुलाकडच्यांना द्यायचा आहेर हिरव्या फडक्यात बांधायचा हे न बोलता ठरलेलं होतं. तरी सासू दोन दिवसांआड बोलायचीच. "फडका बघला का सातपाटीला कळंल, आमी कोन हाव ते."

ती वर्षं तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामाची. शेजारच्या गावात कधी फिरकली नसती अशी माणसं देशभरातून येऊन वसाहतीत राहत होती, आणि सासू त्यांना मासळी पुरवत होती. त्यांतलं तिचं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे एका इंजिनिअरची बायको, नागपूरकडची. तिने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी तिने सासूकडे कमी काट्यांचा, कमी वासाचा आणि डोळे नसलेला मासा मागितला होता. सासूने ही गोष्ट गावभर सांगितली, आणि तेव्हापासून तिच्यासाठी पापलेट घरूनच साफ करून न्यायला लागली.

त्या बाईला मुलगा झाला आणि नेमका तेव्हाच सासूचा गुडघा धरला. मासळीची पाटी माझ्या डोक्यावर आली. सासू खाटेवरून म्हणाली, "पोराला अंगडं-टोपडं शिवलंय ते ने. पेटीतला एक फडका घे नि बांध."

मी पेटी उघडली. वरच डांबराच्या डागांची शिडाची फडकी. इंजिनिअरच्या घरी हे न्यायचं? माझ्या सातवी पास हाताला ते धरवेना. मी तळातलं हिरवं काढलं. चार-आठ दिवसांत परत येईलच, साखरपुड्याला महिना आहे, असा हिशोब केला, आणि अभ्रा चपटा दिसू नये म्हणून त्यात माझा एक परकर घडी करून घातला. परकर घालताना माझ्या मनात आलं होतं की काहीतरी चुकतंय. पण मनात आलेल्या प्रत्येक गोष्टीला मी तेव्हा दाद देत नसे.

नागपूरच्या ताईंनी गाठी सोडल्या. अंगडं-टोपडं "छान आहे हं" म्हणून बाजूला ठेवलं आणि फडकं गालाला लावलं.

"अरे बाप्पा! किती मऊ!"

मला फार बरं वाटलं. ते शेवटचं बरं वाटणं.

आठ दिवस गेले. मी एक दिवसाआड पापलेट घेऊन जात होते, ताई चहा देत होत्या, फडक्याचं नाव नाही. दहाव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्यांना रीत माहीत नाही. आता मागायचं तर नाही, मग रीत शिकवली पाहिजे. आणि शिकवण्यात तर मी पटाईत.

मी सुकी करंदी शिडाच्या फडक्यात बांधून नेली. ताईंच्या समोर बसून गाठी सोडल्या, करंदी ताटात ओतली, फडकं झटकलं, चार घड्या घातल्या आणि माझ्या मांडीवर ठेवून त्यावर हात ठेवला. सगळं अगदी सावकाश, पहिलीतल्या मुलांना मुळाक्षर गिरवून दाखवतात तसं. ताईंनी सगळं नीट पाहिलं. मग हात पुढे करून माझ्या मांडीवरचं फडकं उचललं. "द्या जी इकडे, ठेवते कपाटात," म्हणाल्या.

दोन गेली.

मग मला वाटलं, परत येताना फडकं कसं दिसतं तेच यांना दाखवावं. मी लुगड्याच्या एका फडक्याच्या टोकाला मूठभर तांदूळ बांधून नेले आणि काही न बोलता त्यांच्या हातात दिले. ताईंचे डोळे भरून आले. सासरची-माहेरची कुणी जवळ नसताना तुम्ही लोक माझ्या बाळंतपणात किती करता, असं म्हणाल्या. त्या तांदळाची त्यांनी पेज केली आणि मला वाटीभर दिली. फडकं कपाटात गेलं. पेज चांगली झाली होती, ते मला कबूल करावं लागेल.

तीन गेल्यावर मी उघड बोलायचं ठरवलं. म्हणजे तसं उघड नाही, गोष्ट म्हणून. "आमच्या गावात ना ताई, एक रीत आहे," असं सुरू करून मी सगळं सांगितलं. धुणं, वाळवणं, तांदूळ, गूळ, सुपारी. ताई गालावर हात ठेवून ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "किती सुंदर हो! फुकट काही जात नाही, आणि येणं-जाणं राहतं." मी हात पुढे करायच्या बेतात होते. "बरं झालं पण, वसाहतीत आमच्यात असं काही नाही. माझ्या तर लक्षातच राहिलं नसतं!" आणि त्या दिवशी बोंबील बांधून नेलेलं फडकं त्यांनी हसत हसत उचलून आत नेलं.

पाचवं आणि सहावं कसं गेलं ते मी सांगणार नाही. त्यात माझा शहाणपणा अजिबातच दिसत नाही.

शेवटी चोरी करायची ठरवली. क्वार्टरच्या मागे तारेवर हिरवं फडकं वाळत होतं. पाटी खाली ठेवली, इकडे-तिकडे पाहिलं, चिमटा काढला आणि फडकं अर्धं ओच्यात खोचलं, तोच मागचं दार उघडलं.

"बरं झालं बाई काढलंत!" ताई म्हणाल्या. "कावळे फार घाण करतात." त्यांनी फडकं माझ्या ओच्यातून ओढून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि मला आत बोलावून चहा दिला. पकडलेल्या चोराला चहा मिळाला तर तो कसा पितो ते मला तेव्हापासून माहीत आहे.

इकडे घरात साखरपुड्याला आठ दिवस राहिले. मला जेवण जाईना. सासूला कळलं तर ती मला पालघरच्या गाडीत बसवून देणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. दोन वर्षांपूर्वी एकीला याहून लहान कारणासाठी माहेरी धाडल्याचं गावात ऐकलं होतं. आणि वाईट म्हणजे, एवढा तोरा मिरवूनसुद्धा मला त्या घरातून जायचं नव्हतं. नवरा चांगला होता. नणंद माझ्या वेण्या घालायची. सासू तोंडाने फाटकी होती, पण पापलेटच्या डोक्याकडचा तुकडा माझ्याच ताटात टाकायची.

त्यातच शेजारणीच्या नातीचं बारसं निघालं. झबलं शिवून तयार होतं, बांधायला घरात फडकं नव्हतं. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून दिलं. आमच्याकडे वर्तमानपत्रात बाहेरगावच्या गिऱ्हाइकाचे सुके बोंबील बांधायचे. ते मला माहीत होतं, पण इलाज नव्हता.

तिसऱ्या दिवशी शेजारीण दारात आली. तिने ते वर्तमानपत्र हाताने दाबून दाबून सरळ केलं होतं, घडी केली होती, आणि एका कोपऱ्यात मूठभर तांदळाची पुरचुंडी वळली होती. ते तिने रीतीप्रमाणे सासूच्या पुढ्यात ठेवलं. "तुमचा फडका," एवढंच म्हणाली आणि गेली.

सासू त्या कागदाकडे बघतच राहिली. मग लंगडत पेटीकडे गेली आणि झाकण उघडलं.

"फडकी कुटं हायत गो?"

मी रडायला लागले आणि रडता रडता सगळं सांगितलं. करंदी, पेज, गोष्ट, चहा. सगळं म्हणजे पाच फडक्यांचं. सहाव्याशी आले आणि माझी जीभच वळेना. सासूने कोपराने अभ्रा दाबला. आत माझा परकर मऊ लागला. तिने झाकण लावलं.

"उद्या मी येतंय तुज्यासंगती," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टी बांधून ती निघाली, पाटी माझ्या डोक्यावर. वाटेत बांधकामावरच्या ट्रकवाल्याने दया येऊन आम्हाला मागे बसवलं. सगळ्या वाटेत मी एकच मागत होते, ते पोर आतल्या खोलीत झोपलेलं असू दे आणि हिरवं फडकं तारेवर नसू दे. तारेवर नव्हतं. मला जरा धीर आला.

ताईंनी दार उघडलं. सासू बसलीसुद्धा नाही.

"बाय, आमची फडकी दे. पाच हायत."

माझे कान लाल झाले. महिनाभर मी जी गोष्ट तोंडातून काढू नये म्हणून जीव आटवला, ती सासूने पाच-सहा शब्दांत मागून टाकली होती, मासळीचा भाव सांगावा तशी.

ताईंनी तोंडावर हात घेतला. "परत द्यायची होती? अहो, मी रोज डोकं खाजवते, हे लोक इतकं कापड काहून देतात! ह्यांना विचारलं, तर ते म्हणाले, आपल्या खिडक्यांना पडदे नाहीत, ते पाहून देत असतील." कपाटातून त्यांनी पाच फडकी काढली. धुतलेली, इस्त्री केलेली. शिडाच्या कापडाला इस्त्री झालेली मी आधी कधी पाहिली नव्हती, नंतरही पाहिली नाही. मग एकदम काहीतरी आठवून त्या फडकी घेऊन स्वयंपाकघरात पळाल्या. माझी गोष्ट त्यांनी ऐकली होती तर! तांदळाच्या डब्याचा आवाज आला.

मी सासूच्या कानाशी लागले. "आय, मागायचं नाय ना?"

"ज्याला रीत ठाव हाय, त्याच्याकडं मागायचा नाय," सासू म्हणाली. "जिला ठाव नाय तिला सांगायचा. सातवीत शिकवला काय तुला?"

ताई पाच पुरचुंड्या घेऊन आल्या. चारांत तांदूळ होते, पाचवीत बडीशेप, कारण तांदूळ संपले. सासूने बडीशेपेचा वास घेतला आणि मान हलवली. पास केलं म्हणायचं. आम्ही उंबऱ्यापर्यंत आलो. माझा एक पाय बाहेर पडलासुद्धा होता.

आणि पोर रडलं.

"उठला वाटतं," म्हणत ताई आत गेल्या आणि त्याला घेऊन आल्या. पोर हिरव्या रेशमी फडक्यात गुंडाळलेलं होतं. लाल काठ त्याच्या हनुवटीखाली. "हे तुमचं सगळ्यांत पहिलं," ताई सासूला कौतुकाने सांगू लागल्या. "याच्याशिवाय झोपतच नाही जी. धुवायला काढलं की वाळेपर्यंत घर डोक्यावर घेतो."

सासूने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने हातातलं बोचकं खाली ठेवलं, विचारून मोरीवर गेली आणि साबणाने हात धुतले. दोनदा धुतले. मग परत येऊन तिने पोराला घेतलं. एका बोटाने ती तो काठ चाचपत होती, आणि पोराने ते बोट धरलं.

ताई बघत होत्या. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. "आजी, हेपण... हेपण द्यायचं होतं का परत?"

सासूने पोराच्या मुठीतलं बोट सोडवलं नाही.

"मी पाच म्हटला ना," ती म्हणाली. "पाच मिळाली."

परतीला ट्रक मिळाला नाही. आम्ही चालत आलो. वाऱ्याला, खाडीला, गुडघ्याला, दिसेल त्याला शिव्या घालणारी माझी सासू एक अक्षर बोलत नव्हती. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. गाव दिसायला लागल्यावर ती थांबली, गुडघा चोळला आणि समुद्राकडे बघत म्हणाली, "मी अडीच वर्साची व्हते, आय गेली तवा. तिनं मला कशात निजवला, मला ठाव नाय." मला रडू आलं. तिने पाटी माझ्या डोक्यावर नीट बसवली आणि पुढे चालायला लागली.

मग ते चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पालघरला निरोप गेला असेल असं मला वाटत राहिलं. मी माझी ट्रंक एकदा उघडून पाहिली, काय न्यायचं, काय ठेवायचं. परकर मात्र अभ्र्यातून काढायचा धीर झाला नाही.

साखरपुड्याच्या सकाळी सातपाटीची माणसं आली. मांडवात बायका दाटीवाटीने बसल्या. आतल्या खोलीत पाटावर आहेर मांडलेला होता, धोतर, सदरा, टोपी, नारळ, सगळं उघडं. परत आलेल्या पाच फडक्यांत आहेर बांधण्याजोगं एकही नव्हतं. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अगो, आहेर आना!"

सासूने मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मी मनात म्हटलं, झालं. आता पाहुण्यांबरोबरच माझी रवानगी.

तिने कांबळ्याखालून एक लुगडं ओढून काढलं. जांभळं, जरीच्या काठाचं. ते मी कधी पाहिलंच नव्हतं. तिचं स्वतःचं, लग्नातलं. पदर उलगडून तिने एक टोक माझ्या हातात दिलं.

"धर."

"आय, हे तुमच्या लग्नाचं..."

"धर म्हटला ना. घट्ट धर, नायतर वाकडा फाटंल."

मी धरलं. तिने दुसऱ्या बाजूची कड दातात धरून चीर पाडली आणि दोन्ही हातांनी ओढलं. रेशीम फाटल्याचा आवाज बाहेर मांडवात गेला असणार, कारण क्षणभर सगळ्या बायका गप्प झाल्या. दोन बाजूंनी फाडून तिने चौकोन मोकळा केला, पाटावर अंथरला, आहेर मधोमध रचला, आणि चार टोकांच्या दोन गाठी मला मारायला लावल्या. पहिली गाठ माझ्या हातून सुटली.

"रडू नको, जरीवर डाग पडंल," ती म्हणाली. "आनि ऐक. माज्या आयचा गेला, आता हा माजा. हा घालवलास तर फुडला तुज्या लग्नाच्या साडीचा. तुज्याच हातानं फाडायला लावीन."

फुडला तुज्या साडीचा. मी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं. ज्या सुनेला पालघरच्या गाडीत बसवायचं असतं तिच्या साडीचा असा हिशोब कुणी करून ठेवत नाही. मी नाक पुसलं, गाठ पुन्हा घट्ट मारली आणि आहेर उचलून मांडवात नेला.